ताकदीची वही

"सर, बॉडी किती दिवसांत बनते?" हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्या कानावर पडतो. विचारणारा बहुधा सहावी-सातवीतला असतो. घरी त्याचा मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करत असतो. तो पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळतो आणि संध्याकाळी गोळा फेकतो. मुलांच्या भरतीतला हा गोळा सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा असतो, गंमत नव्हे! दादाचे पाहून धाकट्यालाही हुरूप येतो. मग तो काय करतो? घरात जे सर्वांत जड सापडेल ते उचलून बघतो. युरियाचे पोते, उंबऱ्याजवळचा दगड, भरलेला गॅस सिलेंडर. पहिल्या दिवशी मोठा जोर, दुसऱ्या दिवशी दंड दुखतात, तिसऱ्या दिवशी कंबर धरते. आठवड्यात सगळे बंद आणि वर म्हणायचे, "आपल्या अंगातच ताकद नाही, सर."

ताकद अंगात असावी लागते की आणावी लागते? आणायची असेल तर तिची काही रीत आहे का? आहे. रीत साधी आहे आणि तिला यंत्रे लागत नाहीत. एक शंभर पानी वही मात्र लागते.

पण आधी एका मुलीची ओळख करून घेऊ.

चाळीस किलोच्या गटातली मुलगी

नाशिक जिल्ह्यातले मनमाड आपल्याला माहीत आहे ते रेल्वेचे जंक्शन म्हणून. आपल्याकडून मुंबईला निघालेली गाडी तिथे थांबते, लोक उतरून चहा पितात. याच मनमाडची आकांक्षा व्यवहारे जून २०२२ मध्ये मेक्सिको देशातल्या लिऑन शहरी गेली. तिथे जागतिक युवा भारोत्तोलन स्पर्धा होती. भारोत्तोलन म्हणजे वेटलिफ्टिंग. आकांक्षाचा गट होता ४० किलोचा, म्हणजे तिचे स्वतःचे वजन चाळीस किलोच्या वर असून चालणार नव्हते. तिने रौप्यपदक मिळवले.

या खेळात वजन दोन प्रकारे उचलतात. जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर न्यायचे, तो झाला स्नॅच. आधी खांद्यावर घ्यायचे, दम खायचा आणि मग डोक्यावर लोटायचे, तो क्लीन अँड जर्क. आकांक्षाने स्नॅचमध्ये ५९ किलो आणि क्लीन अँड जर्कमध्ये ६८ किलो उचलले. दोन्हींची बेरीज १२७. सिमेंटचे भरलेले पोते ५० किलोचे असते. घर बांधायला काढले असेल तर ते हलवून पाहा, म्हणजे ६८ किलो डोक्यावर धरून दोन्ही हात सरळ ठेवणे काय असते ते कळेल. आणि ही मुलगी तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या अंगाबांध्याची!

आता दुसरा खेळाडू. सांगलीचा संकेत सरगर. वडिलांची सांगलीत पानाची टपरी. ३० जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तो ५५ किलो गटात उतरला. स्नॅचमध्ये त्याने आधी १०७, मग १११, मग ११३ किलो उचलले. क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो झाले. एकूण २४८. त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक त्याचे, पण ते रौप्य. सोने मलेशियाच्या खेळाडूने नेले, कारण त्याची बेरीज २४९ होती. फक्त एक किलो जास्त! साखरेच्या एका पुड्याएवढा फरक.

संकेतचे आकडे पुन्हा वाचा. १०७ वरून १११, १११ वरून ११३. देशातला सर्वांत बळकट मुलगासुद्धा एकदम दहा-वीस किलोंची उडी मारत नाही. चार किलो, दोन किलो, अशी बेतानेच वाढ करतो. आणि तरीही त्या दिवशी १३९ किलो उचलताना त्याच्या कोपराला दुखापत झाली. स्पर्धेत पदकासाठी खेळाडू असा धोका जाणूनबुजून पत्करतात. आपल्याला तो पत्करायचे काही कारण नाही. गॅस सिलेंडर उचलल्याबद्दल कोणी पदक देत नाही.

वासराची गोष्ट

थोडे थोडे वाढवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीस देशाच्या जुन्या कथांत मिलो नावाचा पहिलवान येतो. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी त्याने ऑलिंपिकची कुस्ती सहा वेळा जिंकली, त्यातली पहिली मुलांच्या गटात. त्याच्याबद्दल सांगतात, की घरची गाय व्यायली तेव्हा त्याने वासरू खांद्यावर घेतले आणि रोज घेत राहिला. वासरू वाढत गेले, मिलोची ताकदही वाढत गेली. शेवटी वासराचा बैल झाला, तरी मिलो त्याला खांद्यावर घेऊन चालतच होता!

गोष्ट छान आहे, पण तुम्ही शेतकऱ्याची लेकरे आहात. आपल्या लाल कंधारी गाईचे वासरू जन्मते तेव्हा वीसेक किलोचे असते आणि दोन-तीन वर्षांत ते किती होते हे तुम्ही गोठ्यात पाहिले आहे. वासरू वाढते त्या वेगाने माणसाची ताकद वाढत नाही. म्हणून मिलोची गोष्ट अर्धी खरी धरायची. वजन वाढवत न्यायचे हे खरे, पण कधी वाढवायचे ते वासराने ठरवायचे नाही, आपल्या अंगाने ठरवायचे.

आपल्याकडेही हे शास्त्र होते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्या काळी आपला मराठवाडा याच घराण्याच्या राज्यात होता. त्या ग्रंथात मल्लांचे व्यायाम सांगितले आहेत. वजनाच्या व्यायामाला त्याने 'भारश्रम' म्हटले आहे आणि खांबावरच्या व्यायामाला 'स्तंभश्रम'. पुढे गावोगावच्या तालमींत जोर, बैठका, मुद्गल, गदा आली. मारुतीच्या देवळापुढे मूठ कोरलेला जड दगड, म्हणजे नाल, पडलेला असे. जत्रेत तो उचलण्याची पैज लागे. ज्या तालमींच्या मातीतून खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊन स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, त्या तालमींना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही.

तरी एक गोष्ट सांगतो. नुसत्या बैठकांचा आकडा वाढवत नेला तर दम वाढतो. पन्नासाच्या शंभर झाल्या, शंभराच्या पाचशे झाल्या, की माणूस थकत नाही. पण म्हणून तो जड वजन उचलेलच असे नाही. जड उचलायची सवय जड उचलूनच लागते. दम आणि ताकद या दोन बहिणी आहेत, जुळ्या मात्र नाहीत.

ताकद वाढवण्याचे नीट मोजमाप केले ते थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन डॉक्टरने. स्वारी किशोरवयात आजारपणाने अंथरुणाला खिळली होती आणि पुढे वजने उचलून बरी झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या रुग्णालयात गुडघे दुखावलेले सैनिक त्यांच्याकडे येत. तोवरचा उपचार म्हणजे हलकी हालचाल पुष्कळ वेळा करायची. डीलॉर्म यांनी उलट केले. वजन जड ठेवले, वेळा कमी केल्या आणि ताकद येईल तसे वजन वाढवले. सैनिक लवकर उभे राहू लागले. १९४५ मध्ये त्यांनी ही रीत प्रसिद्ध केली. १९४८ पर्यंत तिचे सोपे रूप तयार झाले. जे वजन बरोबर दहा वेळा उचलता येते ते शोधायचे. पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे दहा वेळा, दुसऱ्या फेरीत पाऊण, तिसऱ्या फेरीत पूर्ण. आज जगभरच्या व्यायामशाळांत 'तीन फेऱ्या, दहा वेळा' म्हणतात, त्याचे मूळ इथे आहे.

आत काय घडते?

रस्सीखेच आठवा. पहिल्या दिवशी दहा मुले दोर धरतात. एक आत्ता ओढतो, एक नंतर ओढतो, एक तर नुसताच दोराला लोंबकळतो. आठ दिवस सराव झाला, शिट्टीबरोबर सगळे एकदम ओढू लागले, की तीच दहा मुले दुप्पट जोराची वाटतात. मुले वाढली नाहीत, वाढला तो मेळ.

आपल्या स्नायूत हजारो बारीक तंतू असतात. मेंदूकडून हुकूम आला की ते आखडतात. सुरुवातीला सगळ्या तंतूंना हुकूम पोचत नाही, पोचला तरी एकाच वेळी पोचत नाही. सरावाने मेंदू आणि स्नायू यांचा मेळ बसतो. म्हणून पहिल्या महिना-दीड महिन्यात ताकद वाढलेली कळते, पण दंड आरशात तेवढाच दिसतो. वयात येण्याआधीच्या मुलामुलींत तर जवळजवळ सगळी वाढ अशीच होते. तंतू जाड होऊन दंड भरण्याचे काम पुढे, वयात येताना शरीरातले स्राव बदलतात तेव्हा सुरू होते. तेव्हा सातवीतल्या मुलाने टेपने दंड मोजणे म्हणजे चैत्रात कापसाची बोंडे मोजण्यासारखे आहे. मोजायचेच असेल तर किती उचलले ते मोजा.

आणखी एक. व्यायाम करताना स्नायू बळकट होत नाही, तो थकतो. बळकट होतो तो नंतर, विश्रांतीत. म्हणून रोज रोज वजन उचलायचे नसते. एक दिवस व्यायाम, मधे एक दिवस सुट्टी. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास अंगमेहनतीचे खेळावे आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे काही करावे. मधल्या दिवशी खो-खो, कबड्डी, सायकल, पोहणे काहीही चालेल.

आता वही उघडा

पहिल्या पानावर तारीख घाला. पुढे पाच कामे लिहा: बसून उठणे, ढकलणे, ओढणे, जमिनीवरून उचलणे, वजन घेऊन चालणे. माणसाचे शरीर जी जड कामे करते ती बहुतेक या पाचांत येतात. त्यामुळे एका दिवशी दंड, एका दिवशी छाती असे तुकडे पाडण्याची गरज तुमच्या वयात नाही. तिन्ही दिवशी पाचही कामे करायची. सगळे मिळून पाऊण तास.

आधी दहा मिनिटे अंग गरम करा. मैदानाला दोन फेऱ्या, हात-खांदे गोल फिरवणे, चार-सहा मोकळ्या बैठका. ही दहा मिनिटे मुले हमखास खातात. खाऊ नका.

बसून उठण्यासाठी दप्तरात वजन भरून ते दोन्ही हातांनी छातीशी धरा. मागे बाक किंवा खुर्ची ठेवा. पाय खांद्याएवढे फाकवून, बाकाला टेकेपर्यंत खाली जा आणि उठा. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलतात, पण वजन घेतलेले असताना टाचा जमिनीवरच हव्यात.

ढकलण्यासाठी जोर, इंग्रजीत ज्याला पुश-अप म्हणतात तो साधा जोर. जमिनीवर एकही निघत नसेल तर लाजू नका. भिंतीला हात टेकून सुरुवात करा. ते सोपे वाटले की ओट्याला टेकून, मग पायरीला आणि मग जमिनीवर. बघा, यात वजन न वाढवताही काम जड होत गेले.

ओढणे जरा अवघड. शाळेच्या मैदानावर सिंगल बार असेल तर उत्तम, नाहीतर लिंबाची खाली आलेली मजबूत फांदी. पहिले काही आठवडे नुसते लटका, दहा आकडे मोजेपर्यंत. मग बाकावरून हनुवटी वर नेऊन लटका आणि पाच मोजत सावकाश खाली या. वर जायच्या आधी खाली येणे शिकायचे असते. बार नसेल तर पोत्यात थोडी वाळू भरून, त्याला दोर बांधून, विहिरीतून पोहरा ओढतात तसे हातावर हात टाकत आपल्याकडे ओढा.

चौथ्या कामात फसगत होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. विज्ञानाच्या पुस्तकात तरफ शिकलात ना? टेकूपासून भार जितका लांब, तितका जोर जास्त लागतो. तुमची कंबर हा टेकू. पाठीचे स्नायू मणक्यापासून साधारण पाच सेंटीमीटरवरून ओढतात. दहा किलोची पिशवी तुम्ही वाकून, हात लांब करून मणक्यापासून पन्नास सेंटीमीटरवर उचललीत, तर दहापट अंतर झाले. म्हणजे ढोबळ हिशेबाने पाठीला शंभर किलोंचा ताण! तीच पिशवी वीस सेंटीमीटरवर, पायांच्या मधोमध घेतली की चाळीस. पिशवी तीच, पाठ तीच. मोंढ्यातला हमाल पोते हातात लांब धरत नाही, पाठीवर घेतो. त्याने तरफेचा धडा वाचलेला नसेल, पण तो त्याला पाठ आहे, आणि पाठीतच आहे.

तेव्हा वाळूची पिशवी दोन्ही पावलांच्या मधे ठेवा. गुडघे थोडे वाकवा, कुल्ले मागे न्या, पाठ फळीसारखी सरळ. पिशवी अंगाला घासत वर आली पाहिजे. उचलताना श्वास सोडा, ठेवताना घ्या. श्वास कोंडून, चेहरा लालबुंद करून उचलायचे नाही. पिशवी टाकून द्यायची नाही, ठेवायची.

चालण्याला फार सांगण्यासारखे काही नाही. दोन हातांत दोन सारख्या भरलेल्या बादल्या, ताठ मान, वीस पावले पुढे, वीस मागे.

वजन मोजायला तराजू लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हीच बाटली कोरड्या वाळूने भरली तर दीड किलोच्या आसपास जाते. दप्तरात पाण्याच्या बाटल्या घाला, किती किलो झाले ते लगेच कळेल.

आता मुख्य नियम. वजन असे निवडा, की दहा-बारा वेळा नीट उचलता येईल आणि थांबताना आणखी दोनदा उचलता आले असते असे वाटेल. अगदी हात थरथरेपर्यंत जायचे नाही. प्रत्येक कामाच्या दोन फेऱ्या, मधे दीड-दोन मिनिटे बसून पाणी प्या. वहीत असे लिहा: "दप्तर ५ किलो, १०, १०." पुढच्या वेळी जमले तर "११, १०". असे करत दोन्ही फेऱ्या पंधरापर्यंत गेल्या, आणि लागोपाठ दोन दिवस गेल्या, की अर्ध्या लिटरची एक बाटली दप्तरात टाका. साडेपाच किलो झाले. म्हणजे दहा टक्के वाढ, याहून जास्त नाही. वजन वाढले की वेळा पुन्हा दहावर येतील. ते मागे जाणे नव्हे, तो जिन्याचा पुढचा टप्पा आहे. दर चौथ्या आठवड्यात काहीच वाढवू नका. उलट एकच फेरी करा आणि अंगाला उसंत द्या.

कागदावर हिशेब करणारा हुशार मुलगा म्हणेल, दर पंधरवड्याला अर्धा किलो म्हणजे वर्षाला तेरा किलो, दहा वर्षांत एकशे तीस! करून पाहा. घटक चाचणी येते, ताप येतो, दिवाळीत मामाच्या गावाला जाणे होते. काही वाढ महिना-महिना अडकून बसते. अशा वेळी वहीची मागची पाने चाळावीत. तीन महिन्यांपूर्वी भिंतीला टेकून जोर काढणारा आपणच होतो, हे तिथे आपल्याच अक्षरात लिहिलेले असते.

आणि ज्या मुली सकाळी बोअरवरून चार-सहा कळशा पाणी आणून मग शाळेत येतात, त्यांनी त्या दिवशी बादल्या घेऊन पुन्हा चालण्याची गरज नाही. त्यांचा तो व्यायाम झालेला आहे. मात्र रोज एकाच कमरेवर कळशी घेऊ नये, बाजू बदलावी. हळद काढण्याच्या दिवसांत घरची सगळी लेकरे रानात राबतात, तेव्हाही वहीत "रानात काम, आज सुट्टी" एवढेच लिहा. शरीराला काम आणि व्यायाम यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त थकवा कळतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचे ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत आटोपा.

आई-वडिलांसाठी

"गुरुजी, वजन उचलल्यानं लेकराची उंची खुंटते म्हणतेत, खरं का?" हे मला पालकांनी कितीदा तरी विचारले आहे. शंका योग्य आहे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक चकती असते, हाड तिथून वाढते. तिच्यावर वजन पडले, किंवा वेडेवाकडे जड उचलून तिला इजा झाली, तर हाडाच्या वाढीत बिघाड होऊ शकतो. पण नीट शिकवून, डोळ्यांसमोर, हलक्यापासून सुरुवात करून केलेल्या व्यायामाने उंची कमी झाल्याचे आढळलेले नाही. मुलांचे डॉक्टर आता असा व्यायाम सुचवतातसुद्धा. वजन उचलणारे खेळाडू ठेंगणे दिसतात ते व्यायामाने ठेंगणे झालेले नसतात. आखूड हातापायांना वजन कमी अंतर न्यावे लागते, म्हणून असे लोक त्या खेळात पुढे येतात. बास्केटबॉल खेळून कोणी उंच होत नाही, उंच माणसे बास्केटबॉलमध्ये जातात, तसेच हे.

सांगितलेले ऐकून तसे करता येऊ लागले, म्हणजे सात-आठ वर्षांपासून, मुले हलका व्यायाम करू शकतात. हृदयाचा काही त्रास असेल, रक्तदाब असेल, फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. "एकदाच पण जास्तीत जास्त किती उचलतोस" ही पैज मुलांत लागू देऊ नका. मोठ्यांनीही लावू नये. आणि लोखंडी बार, प्लेट असलेल्या जिममध्ये जायचे तर शिकवणारा माणूस हजर असला पाहिजे. बाकावर उताणे पडून छातीवरून बार उचलायचा आणि जवळ कोणी नाही, हे मोठ्यांनाही महागात पडते.

खाण्याचे म्हणाल तर डब्यातली पावडर नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यांत अंग कमावण्यासाठी प्रोटीनची पावडर घेणे टाळावे असे स्पष्ट सांगितले आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, तुरीच्या डाळीत बावीस ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम. सोयाबीन तर आपल्या जिल्ह्यात रानोमाळ पिकते, त्यात शंभराला छत्तीसच्या वर. आपण ते पोत्यांनी मोंढ्यावर घालतो आणि त्याचीच भुकटी डब्यात घालून आली की हजार-दोन हजार मोजतो! ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मुठभर शेंगदाणे, जमेल तसे दूध-दही किंवा अंडी, एवढ्यावर शाळकरी मुलाचे चांगले भागते. व्यायाम सुरू केल्यावर भूक वाढेल, तेव्हा अर्धी भाकरी जास्त टोपल्यात राहू द्या.

पावडरीपेक्षा वाईट म्हणजे इंजेक्शने आणि गोळ्या. मोठी मुले "दोन महिन्यांत कट्स" म्हणून ज्या घेतात त्या स्टेरॉइडने वाढत्या वयातल्या मुलाच्या हाडांची ती कूर्चेची चकती वेळेआधी बंद होऊ शकते. उंची खुंटण्याची भीती वजनाची बाळगतात, ती खरी तिथे बाळगायला हवी.

झोपेकडेही लक्ष ठेवा. तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, त्याहून लहानांना नऊ ते बारा. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला जोर-बैठका असे केले तर दोन्हींतले काहीच अंगी लागत नाही.

मुलांनो, शेवटी एक नेहमीची अडचण. तापातून उठल्यावर किंवा सहामाहीच्या सुट्टीनंतर वही जिथे थांबली तिथूनच सुरू करायची का? नाही. दोन आठवडे खंड पडला असेल तर दोन आठवडे मागचे पान काढा आणि त्या वजनाने सुरुवात करा. महिनाभर खंड पडला असेल तर वजन निम्मे करा. गेलेली ताकद मिळवताना पहिल्याइतका वेळ लागत नाही, पाच-सहा खेपांत तुम्ही जुन्या पानावर येता. ताप नुकताच उतरला असेल, तोंडाला चव नसेल, तर दप्तराला पुस्तकांपुरतेच राहू द्या आणि वहीत फक्त तारीख घाला.